जुन्या फियाटचे पेट्रोल-पंप व कार्ब्युरेटर

नेपानगरचा कागद कारखाना १९५६ साली सुरू झाला. त्या दशकात कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून फियाट ११०० गाड्या निघत होत्या. तिचीच पुढची आवृत्ती पद्मिनी. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेल्या. गिऱ्हाईक घटले तसे सुटे भागही दुकानांत दुर्मिळ झाले आहेत.

या गाड्यांतील पंपाचा लवचीक पडदा वरखाली होऊन टाकीतील पेट्रोल कार्ब्युरेटरकडे ढकलतो. तो फाटला की पेट्रोल बाहेर गळते किंवा एंजिनाच्या तेलात उतरते. तेलकाडीला पेट्रोलचा वास आल्यास गाडी मुळीच चालवू नये. आगीचे भय असते.

बिघडलेला भाग फेकून देऊ नये. कार्ब्युरेटरवरील व जेटवरील आकडे टिपून घ्यावेत आणि नमुना बरोबर न्यावा. बऱ्हाणपूर-भुसावळला न मिळाल्यास मुंबईच्या चोरबाजारात शोध घ्यावा. पितळी जेट जुना असला तरी झिजलेला नसल्यास साफ करून चालतो. रबराचे तसे नाही. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याने जुन्या प्रकारचे रबर फुगते, चिरते. म्हणून वर्षानुवर्षे पाकिटात पडून राहिलेला 'अस्सल' पडदा घेण्यापेक्षा इथेनॉल सोसणारा नवा पडदा व नळी मागून घ्यावी.

भाग बसविल्यावर गाडी उभी ठेवून एंजिन थोडा वेळ चालवावे, मग बंद करून प्रत्येक सांधा कोरडा आहे ना, हे पाहावे. मुलाबाळांना गाडीत बसविण्यापूर्वी एवढे अवश्य करावे.