रेसचे गणित आणि आपला हिशेब

“काका, हा जुगार नाही, हे गणित आहे.” गेल्या हिवाळ्यात वस्तीतला एक तरुण लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आला आणि त्याने हे वाक्य आम्हाला ऐकवले. वडील सफाई खात्यात, आई घर सांभाळणारी, स्वतः संगणकाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला आणि सध्या कंत्राटी नोकरीत. पडद्यावर घोड्यांची यादी होती आणि प्रत्येक नावापुढे टक्केवारी. हा घोडा जिंकण्याची शक्यता अठरा टक्के, तो बावीस टक्के. परदेशात लोक अशाच प्रोग्रामवर कोट्यवधी कमावतात, असे त्याचे म्हणणे. पगारातले पैसे त्याने लावायला सुरुवातही केली होती.

आम्ही त्याला दोन शब्द सुनावून घालवून देऊ शकलो असतो. घरच्यांनी तेच केले होते आणि त्याचा उपयोग झाला नव्हता. शिवाय कोणताही दावा तपासल्याशिवाय मानू नये आणि तपासल्याशिवाय फेटाळूही नये, ही आपल्याला मिळालेली शिकवण आहे. म्हणून आम्ही या विषयाचा थोडा अभ्यास केला. तो वाचकांपुढे मांडणे आवश्यक वाटते, कारण असा तरुण आज एकाच वस्तीत नाही.

प्रथम शब्दाविषयी. रेसच्या मैदानावर हँडिकॅप म्हणजे घोड्याच्या पाठीवर ठरवून चढवलेले वजन. आधीच्या शर्यतींत जो घोडा सरस ठरला त्याच्यावर जास्त वजन, जो मागे पडला त्याच्यावर कमी. सर्वांना जिंकण्याची सारखी संधी मिळावी हा त्यामागचा हेतू. वाचकहो, येथे जरा थांबा. जे लोक आरक्षणाचे नाव काढताच ‘गुणवत्तेचा गळा घोटला’ म्हणून छाती पिटतात, त्यांच्यातलेच किती तरी लोक रविवारी रेसकोर्सवर जाऊन बसतात आणि बलवान घोड्यावर जादा वजन चढवलेले त्यांना न्याय्य वाटते! घोड्याला समान संधी हवी, माणसाला नको. पिढ्यान्‌पिढ्या ओझे दुर्बळाच्याच पाठीवर लादणाऱ्या समाजव्यवस्थेला हा साधा नियम माणसांच्या बाबतीत समजू नये, यात नवल ते काय?

असो. अमेरिकेत हाच शब्द पैसे लावणाऱ्याच्या अभ्यासालाही वापरतात. घोड्याच्या मागील शर्यती, त्याची वेळ, अंतर, मैदान ओले की कोरडे, पाठीवरचे वजन, जॉकी, ट्रेनर, सुटण्याची जागा, हे सारे पाहून अंदाज बांधणे म्हणजे हँडिकॅपिंग. अँड्र्यू बेयर या अमेरिकन पत्रकाराने १९७५ साली एक पुस्तक लिहिले. वेगवेगळ्या दिवशीच्या आणि वेगवेगळ्या मैदानांवरच्या वेळांची तुलना एकाच मापाने कशी करावी, हे त्यात दाखवले होते. पुढे संगणक आला आणि हे काम त्याच्याकडे गेले. १९८६ साली बोल्टन आणि चॅपमन या दोन संशोधकांनी अशा गणिताचा शास्त्रीय नमुना प्रसिद्ध केला.

तो नमुना सर्वांत यशस्वीपणे वापरला बिल बेंटर या अमेरिकन माणसाने. लास वेगासच्या जुगारखान्यांत पत्ते मोजून जिंकणारा हा तरुण. जुगारखान्यांनी त्याला दार बंद केले, तेव्हा १९८० च्या दशकाच्या मध्यावर तो अॅलन वुड्स या ऑस्ट्रेलियन भागीदाराबरोबर हाँगकाँगला गेला. भांडवल सुमारे दीड लाख डॉलर. सुरुवातीला त्यातला बहुतेक भाग गेला. भागीदारी मोडली. तरी त्याने गणित सोडले नाही. एकेका घोड्याविषयी शंभराहून अधिक गोष्टी तो संगणकात भरू लागला. खरा फरक पडला तो मात्र एका नम्रतेने. आपल्या गणिताच्या जोडीला त्याने लोकांनी लावलेल्या पैशावरून ठरणारा भावही हिशेबात धरला. हजारो लोक मिळून जो भाव ठरवतात, त्यात संगणकाला न दिसणारी माहिती असते, हे त्याने ओळखले. पुढे त्याने प्रचंड पैसा मिळवला आणि १९९४ साली आपली पद्धत एका लेखात उघडपणे मांडली.

म्हणजे आमचा तरुण सांगत होता ते खोटे नव्हते. घोड्यांच्या शर्यतीत गणिताने जिंकता येते, हे सिद्ध झालेले आहे. प्रश्न एवढाच की कोणाला, कोठे आणि कशाच्या बळावर?

ज्यांनी हे साधले त्यांची शिस्त पाहा. पहिला नियम असा की घोडा जिंकेल का, हा प्रश्नच नाही. भाव शक्यतेपेक्षा जास्त मिळतो का, हा प्रश्न आहे. समजा, एका रुपयाला पाच रुपये असा भाव आहे. सहा शर्यतींत एकदा तो घोडा जिंकला तरच जमा-खर्च बरोबर सुटतो. तुमचे गणित सांगते की तो पाचात एकदा जिंकेल. तरच पैसे लावण्यात अर्थ आहे. सर्वांचा लाडका घोडा जिंकणारा असूनही लावण्यालायक नसतो, तो यामुळे.

दुसरा नियम किती लावायचे याचा. १९५६ साली बेल प्रयोगशाळेतल्या जॉन केली या शास्त्रज्ञाने त्याचे सूत्र दिले. वरच्या उदाहरणात ते सूत्र भांडवलाच्या फक्त चार टक्के लावा असे सांगते. दहा हजार असतील तर चारशे. जाणकार त्याच्याही निम्मेच लावतात, कारण आपला अंदाज चुकलेला असू शकतो हे त्यांना माहीत असते. आणि अंदाज बरोबर असला तरी काय? पाचात एकदा जिंकणारा घोडा सलग दहा वेळा हरण्याची शक्यता दहा टक्क्यांहून अधिक आहे. दहा हार सोसून अकराव्या वेळी तेवढेच शांतपणे लावणारा माणूस किती घरांत सापडेल?

तिसरा नियम वहीचा. लावलेला प्रत्येक पैसा शर्यतीआधी लिहायचा. जिंकलेला लिहायचा, हरलेलाही लिहायचा. चौथा नियम, गेलेला पैसा वसूल करायला दुप्पट लावायचे नाही. आणि पाचवा, ज्यात फायदा दिसत नाही ती शर्यत सोडून द्यायची. पैसे न लावता बसून राहणे हेच या शिस्तीतले सर्वांत मोठे काम आहे.

आता दुसरी बाजू. टोटवर लोकांनी लावलेला पैसा एका जागी जमा होतो. त्यातून क्लबचा आणि सरकारचा वाटा आधी कापला जातो आणि उरलेला जिंकणाऱ्यांत वाटला जातो. हाँगकाँगमध्ये साध्या विन-प्लेसच्या पैजेवर ही कपात साडेसतरा टक्के आहे. सामान्य खेळणाऱ्याने शंभर रुपये घेऊन जावे, हाती येईल ते पुन्हा लावावे, असे दहा वेळा करावे, तर सरासरीने त्याच्याकडे पंधरा रुपयेही उरत नाहीत. कोणी लबाडी केली नाही, घोडा कोणी रोखला नाही, तरीही. ही कपात भरून काढून वर नफा मिळवायचा, तर इतर हजारो लोकांपेक्षा बरेच जास्त कळावे लागते.

बेंटरला ते जमले त्याला कारणे आहेत. हाँगकाँगमध्ये हॅपी व्हॅली आणि शा टिन ही दोनच मैदाने, ठरावीक घोडे पुन्हा पुन्हा एकमेकांशी धावणारे, आणि प्रत्येकाची तपशीलवार नोंद प्रसिद्ध होणारी. उलाढाल इतकी अफाट की मोठी रक्कम लावूनही भाव फारसा पडत नाही. लहान मैदानावर तुमचाच पैसा तुमचा भाव खाली आणतो. आणि गणित बसवायलाच पाचशे ते हजार शर्यतींची माहिती लागते, असे बेंटर स्वतः लिहितो. त्याच्यामागे भांडवल होते, पगारी माणसे होती, अनेक वर्षे होती. बाजारात चार-पाच हजारांना मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये यातले काय आहे? ज्याच्याकडे खरोखर जिंकणारा प्रोग्राम आहे तो तो विकेल कशाला? सोन्याच्या खाणीचा पत्ता कोणी रस्त्यावर विकत नसतो.

आता आपल्या देशाकडे वळू. मुंबईचे महालक्ष्मी रेसकोर्स १८८३ पासून आहे. त्याच्या आसपास गिरण्या होत्या, चाळी होत्या. गिरणगावातला कामगार मटक्याचा आकडा लावताना सापडला की पोलीस त्याला पकडत, कारण १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा. त्याच कायद्यात परवाना असलेल्या मैदानावरील घोड्यांच्या शर्यतीला मात्र सूट ठेवलेली. १९९६ साली तामिळनाडूच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रेस हा कौशल्याचा खेळ असल्याचा निर्णय दिला. त्या निर्णयात कायद्याच्या दृष्टीने तथ्य आहे. वर सांगितलेले गणित हे कौशल्यच आहे. पण ते कौशल्य मैदानावर जाणाऱ्या हजारातल्या कितीजणांकडे असते? साहेबाचा शौक कौशल्य ठरला आणि कामगाराचा आकडा गुन्हा ठरला. पैसा मात्र दोन्हीकडे गरिबाचाच गेला.

आणि आता तर २२ सप्टेंबर २०२५ पासून रेसच्या पैजेवर चाळीस टक्के जीएसटी आहे. त्याआधी तो अठ्ठावीस टक्के होता. हाँगकाँगच्या साडेसतरा टक्क्यांतून वाट काढायला बेंटरसारख्याला वर्षे लागली. आमच्या कंत्राटी पोराने चाळीस टक्क्यांचे ओझे पाठीवर घेऊन कोणती शर्यत जिंकायची? याला हँडिकॅप म्हणत नाहीत, याला लूट म्हणतात. कर वाढला म्हणून लोक खेळायचे थांबतील, असे मानणाऱ्यांनी चोरून पैसे घेणाऱ्या बुकींकडे एकदा जाऊन पाहावे. तेथे कर नाही, पण पावतीही नाही आणि दादही नाही.

ज्या परंपरेत राज्य, भाऊ आणि पत्नी पणाला लावणाऱ्याला धर्मराज म्हणतात, त्या परंपरेकडून या विषयात मार्गदर्शन मिळणार नाही. प्राचीन आर्यांच्या द्यूतव्यसनाविषयी बाबासाहेबांनी ‘रिडल्स’मध्ये स्पष्ट लिहिलेले आहे. आपल्याला पाहायचे आहे ते तथागतांकडे. पंचशीलात जुगाराचे वेगळे नाव नाही. पण दीघ निकायातल्या सिगालोवाद सुत्तात, राजगृहाच्या सिगाल नावाच्या गृहपतिपुत्राला उपदेश करताना, तथागतांनी जुगाराचे सहा दुष्परिणाम मोजून सांगितले आहेत. जिंकणाऱ्याचा लोक द्वेष करतात. हरणारा गेलेल्या धनासाठी शोक करतो. हाती असलेले धन जाते. सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. मित्र त्याला तुच्छ लेखतात. आणि पत्नीचे पोषण करू शकणार नाही म्हणून त्याला कोणी मुलगी देत नाही.

यात पाप-पुण्याची भीती नाही, परलोकाची धमकी नाही. माणसाच्या संसारात काय घडते याचा हा हिशेब आहे. त्याच सुत्तात मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यासाठी आणि चौथा भाग संकटकाळासाठी राखून ठेवायचा. केलीच्या सूत्राआधी दोन हजारांहून अधिक वर्षे सांगितलेला हा भांडवलाचा नियम आहे. पैजेसाठी त्यात एकही भाग नाही.

त्या तरुणाला आम्ही उपदेश केला नाही. त्याची वही मागितली. नफ्याच्या नोंदी ठळक होत्या, तोट्याच्या काही लिहायच्या राहून गेल्या होत्या. आम्ही म्हणालो, “तू गणित म्हणतोस ना? मग तीन महिने एक पैसा न लावता खेळ. प्रत्येक पैज शर्यतीआधी लिही, शेवटचा भाव धर, कर धर, आणि एकही हार लपवू नकोस.” पोरगा प्रामाणिक. त्याने तसे केले. तीन महिन्यांनी वही घेऊन आला. कर धरल्यावर बहुतेक शर्यतींत त्याचा प्रोग्राम ‘लावू नका’ असेच सांगत होता, आणि जेथे ‘लावा’ म्हणाला तेथेही कागदावरचे भांडवल आटत गेले होते. तो म्हणाला, “काका, शिस्तीने शिकलो तर हा प्रोग्राम मला घरी बसायला सांगतो.”

आम्हाला त्याच्या हुशारीची काळजी नाही, ती त्याच्याकडे भरपूर आहे. माहिती गोळा करणे, शक्यता मोजणे, स्वतःची चूक वहीत लिहिणे, बाकीचे बोलतात म्हणून न मानणे, ही विद्या मोलाची आहे. विमा कंपन्या, बँका, रुग्णालये, सरकारी खाती या विद्येला पगार देतात. आणि चळवळीलाही तिची गरज आहे. शिष्यवृत्तीचा निधी कोठे अडला, अनुसूचित जातींसाठीच्या घटक योजनेतला पैसा कोठे वळवला, रिक्त जागा किती वर्षे भरल्या नाहीत, हे आकडे मांडायला आमच्याकडे माणसे कमी आहेत. भाषणे करणारे पुष्कळ आहेत.

समाजबांधवांना आमचे सांगणे एवढेच. घरातला मुलगा रात्री पडद्यावर घोड्यांचे आकडे पाहत बसला असेल, तर त्याच्यावर ओरडू नका. त्याच्याजवळ बसा, वही उघडा, हरलेला प्रत्येक पैसा त्याला स्वतःच्या हाताने लिहायला लावा. मग बाबासाहेबांनी आपल्याला कशासाठी शिकायला सांगितले, हे त्याला विचारा.

जयभीम!