खट्ट वाजलं की बसलं!

सेल पाच मिनिटांत बदलून होतो, पण मागचं झाकण बसता बसत नाही! एक बाजू दाबावी तर दुसरी उचलते, अंगठे लाल होतात. मनगटी घड्याळाचं हे दाबून बसवायचं झाकण आहेच तसं हट्टी. पण त्याच्या गमती भारी आहेत.

त्याला ना आटे, ना स्क्रू. झाकणाची कड बॉडीच्या खोबणीत किंचित घट्ट होईल अशीच घडवलेली असते. जोर पडला की धातू कणभर दबतो आणि खोबणीत अडकतो. तोच तो ‘खट्ट’! आटे पाडायचे नसल्यामुळे घड्याळही सडपातळ राहतं. म्हणून याला स्वस्तातलं काम समजू नका. पातेक फिलिपच्या १९३२ सालच्या नामांकित ‘कालात्रावा ९६’चं झाकणसुद्धा दाबूनच बसायचं.

आता मुख्य गंमत. झाकण अडतं ते बहुतेक वेळा ताकदीपायी नव्हे, दिशेपायी. झाकण उलटं करून आतली कड नीट पाहा. बऱ्याच घड्याळांत तिथे एक अर्धगोल खाच दिसेल. चावीची दांडी मशीनमध्ये जाते, तिच्यासाठी सोडलेली ही जागा. खाच चावीसमोर आली नाही तर झाकण दांडीवरच टेकतं. मग पैलवान बोलवा, झाकण बसणार नाही. दांडी वाकेल ती वेगळीच. बाहेरच्या कडेला असलेली फट किंवा इवलीशी जीभ मात्र उघडताना पातं घालण्यासाठी असते. या दोघींची गल्लत नको.

दुसरा गुन्हेगार म्हणजे केसाएवढी बारीक रबरी रिंग. ती पिळली किंवा कडेखाली चिमटली की संपलं. सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा, ती जागेवर गुमान बसते.

सेलवरच्या आकड्यांतही मजा आहे. ‘६२६’मधला पहिला ६ म्हणजे ६.८ मिलिमीटर व्यास आणि २६ म्हणजे २.६ मिलिमीटर जाडी!

१९८३च्या स्वॉच घड्याळाने तर झाकणाची कटकटच मिटवली. मशीन समोरून, काचेच्या बाजूने आत घातलं. मागे उरलं फक्त सेलपुरतं छोटं बूच.

जुनं घड्याळ उघडलंत तर झाकणाची आतली बाजू भिंगाखाली जरूर धरा. कारागीर तिथे सुईने दुरुस्तीची तारीख आणि आपली खूण कोरून ठेवत. घड्याळाचा दवाखान्याचा केसपेपरच तो!

घड्याळवाल्याकडे झाकण दाबून बसवायचा प्रेस असतो, त्याला नायलॉनच्या दोन चकत्या असतात. खालची चकती बॉडीच्या कडेला टेकायला हवी, काचेला नव्हे. काचा फुटतात त्या इथेच. त्यामुळे काच फुगीर असेल आणि प्रेस हाताशी नसेल, तर हातोडी-पक्कड बाजूला ठेवा आणि सरळ घड्याळवाल्याकडे जा. आणि झाकणावर ‘३० मीटर’ लिहिलंय म्हणून पोहायला उतरू नका. तो आकडा हात धुताना उडणाऱ्या शिंतोड्यांपुरताच आहे.