अठरा सेकंद आणि एकतीस दिवस

‘ट, क, ह’ ही तीन अक्षरं लक्षात ठेवायची आणि लगेच ५०६ पासून तीन-तीन वजा करत मोठ्यानं उलटं मोजायचं: ५०६, ५०३, ५००, ४९७... अठरा सेकंद झाले की थांबायचं आणि ती तीन अक्षरं सांगायची. १९५९ साली अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात लॉइड आणि मार्गारेट पीटरसन या दांपत्यानं विद्यार्थ्यांकडून असंच करून घेतलं. अक्षरं अर्थातच इंग्रजी होती. उलट मोजण्याच्या कामामुळे ती मनातल्या मनात घोकायला फुरसत मिळत नसे, आणि अठरा सेकंदांनंतर बरोबर उत्तरांचं प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली उतरत असे. धडधाकट, तरुण, हुशार मुलं आणि फक्त तीन अक्षरं!

तीनच वर्षांनी केपेल आणि अंडरवुड या संशोधकांनी या प्रयोगातली एक खोच दाखवून दिली. अगदी पहिल्या फेरीत कुणी फारसं विसरतच नाही. फेऱ्या वाढत जातात तशी आधीची अक्षरं नंतरच्यांत मिसळू लागतात. म्हणजे वेळ गेल्यामुळे अक्षरं पुसली जात होती, एवढंच कारण पुरेसं नव्हतं.

तरीही सेकंदांत मोजलेलं हे विसरणं मानसशास्त्राला नवं होतं. तोवर विसरण्याचा हिशेब तासांत आणि दिवसांत मांडला जाई, आणि तो मांडून ठेवला होता हर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकानं. प्रयोग करणारा तोच आणि प्रयोग ज्याच्यावर होतोय तोही तोच. ओळखीचा शब्द आला की त्याच्यासोबत जुन्या आठवणी येणार, म्हणून त्यानं अर्थ नसलेले सुमारे २,३०० शब्दखंड तयार केले. त्यांच्या याद्या ठरावीक तालावर वाचून तो तोंडपाठ करी आणि काही काळानं तीच यादी पुन्हा पाठ करून बघे. दुसऱ्या खेपेला वेळ किती वाचला, यावरून आठवण किती शिल्लक आहे ते ठरे. वीसेक मिनिटांनी ही बचत ५८ टक्के होती, एका दिवसानंतर ३४ टक्के आणि ३१ दिवसांनंतर २१ टक्के. विसरण्याचा मोठा घाव पहिल्या काही तासांतच बसतो. पुढे उरलेलं फार सावकाश झिजतं. १८८५ साली छापलेले हे आकडे एकाच माणसाचे, म्हणून त्यांच्यावर शंका घेता आली असती. पण २०१५ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी हा प्रयोग पुन्हा केला, तेव्हाही आलेख जवळपास तसाच निघाला.

एक विसरणं सेकंदांचं, दुसरं दिवसांचं. मग स्मृती एकच आहे, की दोन?

१९६६ साली ग्लान्झर आणि क्युनिट्झ यांनी साध्या शब्दांच्या याद्या वाचून दाखवल्या आणि आठवतील ते शब्द हव्या त्या क्रमानं सांगायला लावले. लोकांना यादीतले सुरुवातीचे आणि शेवटचे शब्द चांगले आठवतात; मधले निसटतात. मात्र यादी संपल्यावर लोकांना ३० सेकंद आकडे मोजायला लावले, तेव्हा शेवटच्या शब्दांचा फायदा साफ नाहीसा झाला आणि सुरुवातीच्या शब्दांना धक्काही लागला नाही. एकाच यादीची दोन टोकं मनात दोन निरनिराळ्या ठिकाणी राहत असावीत, असं यातून दिसत होतं.

पण खरा पुरावा एका माणसाच्या आयुष्यातून आला, आणि त्यानं त्याची जबर किंमत मोजली. हेन्री मोलेसन याला लहानपणापासून फेफऱ्याचा त्रास होता. औषधांनी काही होईना, तेव्हा १९५३ साली, त्याच्या सत्ताविसाव्या वर्षी, हार्टफर्डमधले शल्यविशारद विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला भाग काढला. त्यात हिप्पोकॅम्पसचा बराचसा हिस्सा होता. झटके कमी झाले. बुद्धी शाबूत राहिली, बोलणं नीट, लहानपणच्या आठवणीही जागेवर. फक्त नवीन काही मनात टिकेना.

माँट्रियलहून त्याला तपासायला येणाऱ्या ब्रेंडा मिल्नर प्रत्येक भेटीत त्याला अनोळखीच वाटत. एकदा त्यांनी त्याला ५८४ हा आकडा लक्षात ठेवायला सांगितला. पंधरा मिनिटांनंतरही त्यानं तो बरोबर सांगितला! कसा ठेवला, असं विचारल्यावर त्यानं आपली युक्ती उलगडली: तिन्ही अंकांची बेरीज सतरा, त्यातून आठ गेले की नऊ, नऊचे दोन भाग पाच आणि चार. तो सगळा वेळ हेच मनात घोळवत बसला होता. लक्ष दुसरीकडे गेलं आणि मिनिटभरात आकडा तर गेलाच, आपल्याला असा काही आकडा दिला होता हेही गेलं. अल्पकालीन स्मृती ठणठणीत होती. तिच्यातून दीर्घकालीन स्मृतीकडे जाणारी वाट मात्र बंद झाली होती.

याहून मोठं आश्चर्य पुढे होतं. मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणीची दुहेरी बाह्यरेषा गिरवायला दिली. हात आणि कागद फक्त आरशातच दिसणार, त्यामुळे सुरुवातीला कुणाचीही पेन्सिल भलतीकडेच जाते. त्यानं तीन दिवस सराव केला आणि चुका भराभर कमी होत गेल्या. तिसऱ्या दिवशी हात सफाईनं फिरत होता. आपण हे पूर्वी कधी केलंय, याचा मात्र त्याला पत्ताच नव्हता. कौशल्य शिकणारी स्मृती आणि प्रसंग जपणारी स्मृती वेगळ्या, हे त्या कागदांवर उमटलं.

पाच दशकांहून अधिक काळ हा माणूस शोधनिबंधांत फक्त ‘एच. एम.’ होता. त्याचं नाव जगाला कळलं ते २००८ साली, तो गेल्यावर. स्मृतीवरच्या पाठ्यपुस्तकांतली कितीतरी पानं त्याच्या सहनशीलतेवर उभी आहेत, आणि त्याला स्वतःला ते कधीच आठवणार नव्हतं. त्याचं ऋण मोठ्यानं सांगायला हवं.

१९७० साली लंडनच्या शॅलिस आणि वॉरिंग्टन यांनी याच्या नेमका उलट रुग्ण समोर आणला. मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागलेल्या ‘के. एफ.’ला ऐकलेले एक-दोन अंकच काय ते परत सांगता येत, पण नव्या गोष्टी शिकून दीर्घकाळ लक्षात ठेवायला त्याला अडचण नव्हती. अल्पकालीन स्मृती हे दीर्घकालीन स्मृतीचं एकमेव दार आहे, असं तोवर मानलं जाई. ते दार जवळपास बंद असूनही या माणसाच्या मनात नवी माहिती साठत होती. यामुळेच पुढे अल्पकालीन स्मृतीकडे, एकाच वेळी वेगवेगळी कामं हाताळणारी यंत्रणा म्हणून, नव्यानं पाहिलं गेलं.

या दोन स्मृतींमधला फरक परीक्षेच्या अभ्यासात रोज भिडतो. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला एक उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला. दुसऱ्या गटानं तो एकदा वाचला आणि नंतर तीनदा पुस्तक मिटून, आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्यानं मात्र त्यांना सुमारे ४० टक्के मजकूर आठवला आणि लिहून काढणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. अभ्यास संपताच दोन्ही गटांना विचारलं होतं, आठवड्यानं तुम्हाला किती आठवेल? तेव्हा जास्त खात्री होती ती पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच.