‘फायरप्रूफ’मधला नवरा आणि लक्ष्मीबाईंची पाच वर्षं

रोह्याहून एक प्रश्न आलाय: ख्रिस्ती सिनेमात लग्न वाचवायचं काम नवऱ्याकडेच का असतं?

२००८चा ‘फायरप्रूफ’ घ्या. अमेरिकेतला फायरमन, मोडायला आलेलं लग्न आणि वडिलांनी दिलेली वही. ४० दिवस रोज बायकोसाठी काहीतरी करायचं. नवरा कुटुंबप्रमुख, म्हणून आधी त्यानेच झुकायचं, हा त्यामागचा विचार. पण त्यामुळे गोष्ट जास्त करून त्याचीच होते.

बायकोची बाजू हवी असेल तर लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ आहे. विजया मेहतांनी दूरदर्शनसाठी त्यावर चित्रपटही केला. १८९५मध्ये ना. वा. टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंना ते मुळीच मान्य नव्हतं. तेव्हा १८६६चा एक कायदा होता: ख्रिस्ती झालेल्या माणसाचा जोडीदार धर्मांतरामुळे नांदायला तयार नसेल, तर कोर्टातून लग्न मोडता यायचं. टिळकांचं लग्न मात्र टिकलं. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग परत आल्या, पण स्वतःचा धर्म सांभाळून. जातीची शिवाशिव आधी त्यांच्याच मनातून गेली आणि १९००मध्ये त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला.

म्हणजे प्रमुख कोणीही म्हणा, एकाने घेतलेला निर्णय दुसऱ्याच्या गळी उतरायला पाच वर्षंही लागू शकतात. पेणमध्ये एकाला बिऱ्हाड मुंबईला हलवायचं असेल आणि दुसऱ्याला नसेल, तिथेही हेच लागू. थांबायची तयारी आहे का, हे आधी बघा.