डिजिटल इनपुट ॲम्प्लिफायर विकायचाय? आधी अडॅप्टर बघा



मागच्या एका बॅचमधल्या मुलाने घरीच स्टिरिओ सेट जुळवून विकायला सुरुवात केली. बॉक्स ओळखीच्या सुताराकडून, स्पीकर आणि बोर्ड लॅमिंग्टन रोडवरून. बोर्ड डिजिटल इनपुटचा, त्यामुळे आवाज चोख येणारच अशी त्याची खात्री. पहिले आठ सेट नातेवाईक-मित्रांत गेले आणि त्यातले पाच परत आले. सगळ्यांची तक्रार एकच. गाणं बंद असताना सेट अगदी शांत, पण आवाज वाढवला की गाण्यासोबत घरघर येते, आणि ढोलकीची थाप पडली की गायिकेचा आवाज दबतो. याने दोन सेटचे बोर्ड बदलून पाहिले, तरी तेच. दोष बोर्डात नव्हताच. पैसे वाचवायला घेतलेल्या अडॅप्टरमध्ये होता.

असं का झालं ते समजायला आत काय चालतं ते बघूया.

१९८२ मध्ये सीडी बाजारात आली तेव्हापासून आपल्या घरातलं गाणं म्हणजे आकड्यांची रांग आहे. सीडीवर दर सेकंदाला डाव्या आणि उजव्या बाजूचे प्रत्येकी ४४,१०० आकडे, आणि प्रत्येक आकडा ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक. टीव्हीच्या ऑप्टिकल सॉकेटमधूनही असेच आकडे येतात, बहुधा सेकंदाला ४८,०००. नेहमीच्या सेटमध्ये डॅक नावाची चिप या आकड्यांचं छोट्याशा व्होल्टेजमध्ये रूपांतर करते आणि ॲम्प्लिफायर ते व्होल्टेज मोठं करतो.

अस्सल डिजिटल इनपुट ॲम्प्लिफायरमध्ये मधला डॅक नसतोच. आकडा मोठा असेल तर पल्स रुंद, लहान असेल तर अरुंद. घरातला पंखा आठवा. जुना डबा-रेग्युलेटर जास्तीची वीज स्वतःच्या पोटात जाळायचा, म्हणून तापायचा. त्याऐवजी बटण भराभर चालू-बंद केलं तर? जितका वेळ चालू, तितका वेग. इथे हेच काम ट्रान्झिस्टर करतात, सेकंदाला साधारण चार लाख वेळा. ते एकतर पूर्ण चालू असतात नाहीतर पूर्ण बंद, मधे अर्धवट रेंगाळत नाहीत. म्हणून उष्णता कमी आणि हीटसिंक छोटी. शेवटी एक कॉइल आणि एक कपॅसिटर मिळून तो खडखडाट गाळून टाकतात आणि स्पीकरला गाणं मिळतं.

ऐकायला सोपं वाटतं, पण इथे एक गणित आडवं येतं. सेकंदाला ३,८४,००० पल्स आणि प्रत्येकीच्या रुंदीत ६५,५३६ पायऱ्या हव्या असतील, तर सेकंदाला २,५०० कोटींहून जास्त टिकटिक करणारं घड्याळ लागेल. म्हणून चिप पायऱ्या कमी करते, समजा २५६, आणि त्यातून होणारी चूक कानाला ऐकू न येणाऱ्या वरच्या पट्टीत ढकलते. याला नॉइज शेपिंग म्हणतात. पायऱ्या २५६ केल्या की साधारण दहा कोटी टिकटिकीत काम भागतं. १९९० च्या दशकाच्या शेवटी डेन्मार्कमधून आलेला टॅक्ट मिलेनियम हा घरगुती ॲम्प्लिफायर याच वाटेचा. त्यामागची टोकाटा नावाची कंपनी २००० साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने विकत घेतली.

आता मुद्द्याची गोष्ट. पल्स किती रुंद हे आकडा ठरवतो, पण पल्स किती उंच हे कोण ठरवतं? अडॅप्टर! स्पीकरला मिळतो तो रुंदी आणि उंचीचा गुणाकार. अडॅप्टरचं व्होल्टेज दहा टक्के खाली बसलं की गाणंही तितकंच बसतं. अडॅप्टरमध्ये घरघर असेल तर ती गाण्यावर स्वार होऊन येते. गाणं नसेल तेव्हा स्पीकरच्या दोन्ही टोकांना ती सारखीच असते, म्हणून ऐकू येत नाही. त्या मुलाची गल्लत इथेच झाली. शांत सेट बघून त्याने अडॅप्टरला आधीच पास करून टाकलं होतं.

सगळे बोर्ड असे नसतात. काही चिप स्पीकरकडे जाणारा सिग्नल परत तपासून स्वतःला दुरुस्त करतात. त्यांना क्लोज्ड लूप म्हणतात आणि त्या अडॅप्टरच्या खोड्या बऱ्याच सांभाळून घेतात. चिपचा नंबर विचारा, तिची डेटाशीट उघडा, हा शब्द शोधा. दुकानदार नंबर सांगत नसेल तर माल घेऊ नका, एवढं माझं स्पष्ट मत.

वॅटचंही बघा. बोर्डावर ‘१०० वॅट’ छापलेलं असतं. ब्रिज जोडणीच्या बोर्डाला (यातले बहुतेक तसेच) एका चॅनलचा हिशेब सोपा आहे. व्होल्टचा वर्ग करा आणि स्पीकरच्या ओहमच्या दुपटीने भागा. १२ व्होल्ट आणि ८ ओहम म्हणजे १४४ भागिले १६, फक्त ९ वॅट. २४ व्होल्टला ३६ वॅट. प्रत्यक्षात याहून थोडे कमीच. बॉक्सवर हाच आकडा छापा. आणि अडॅप्टरवर बीआयएसचा नोंदणी क्रमांक आहे का ते बघून घ्या.

त्या मुलाने बोर्डाला झेपेल असा २४ व्होल्ट, ५ अँपिअरचा रेग्युलेटेड अडॅप्टर लावला. सेटमागे खर्च वाढला, किंमतही वाढवावी लागली. पण पाचही गिऱ्हाइकांकडे तो स्वतः गेला आणि जास्तीचे पैसे न मागता बदलून दिलं.

मागे ऑप्टिकल सॉकेट दिसलं म्हणून आत डॅक नाही असं मात्र समजू नका. बाजारातल्या कितीतरी ‘डिजिटल’ सेटमध्ये डॅक असतोच आणि त्यात वाईट काही नाही. फक्त गिऱ्हाइकाला खोटं सांगू नका. ऑप्टिकलचा फायदा वेगळा आहे. वायरीत तांबं नसून प्रकाश जातो, त्यामुळे केबल टीव्हीच्या अर्थिंगमधून येणारी हम त्या वाटेने येत नाही.

आणि रात्री साडेनऊला फोन येईल, “दादा, टीव्हीचा आवाजच येत नाही हो.” घाबरून निघू नका. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट बहुधा डॉल्बीवर असेल आणि साध्या बोर्डाला ते उलगडत नाही. फोनवरच सांगा, पीसीएम करा.