दोन सर्व्हर, कारभारी मात्र एकच

महाबळेश्वर, प्रतिनिधी : महाबळेश्वरच्या पावसाची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. २२ ते २३ जुलै २०२१ दरम्यान चोवीस तासांत येथे ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि आंबेनळी घाटातील रस्ता अनेक ठिकाणी खचला. घाटात दरड कोसळली, की केवळ वाहतूकच थांबते असे नाही. रस्त्यालगत गाडलेली दूरसंचाराची केबलही तिच्याबरोबर तुटू शकते. त्यातून संगणकीय व्यवहारांत जो घोटाळा उद्‌भवू शकतो, त्याची कल्पना मात्र फारच थोड्यांना असते.

समजा, येथील एका मोठ्या हॉटेलचे आरक्षण दोन सर्व्हरवर चालते. एक सर्व्हर महाबळेश्वरात आहे, तर दुसरा राखीव सर्व्हर पुण्यात. दिवाळीच्या सुटीचे आरक्षण भर पावसाळ्यात सुरू आहे आणि नेमकी दोघांमधील केबल तुटते. महाबळेश्वरचा सर्व्हर सुस्थितीत असून, काउंटरवर येणाऱ्यांची नोंद घेत आहे. पुण्याच्या सर्व्हरला मात्र तो दिसेनासा होतो. ‘मुख्य सर्व्हर बंद पडला’ असे समजून तोही कारभार हाती घेतो आणि इंटरनेटवरून येणारे आरक्षण स्वीकारू लागतो. एकच खोली, एकच तारीख, पण पावत्या दोन! केबल तासाभरात जोडली जाईल. दिवाळीत दोन कुटुंबे सामानासह एकाच दारात उभी राहतील, तेव्हा त्यांची समजूत कोण घालणार?

मौनाचे दोन अर्थ

बँका, रुग्णालये, आरक्षण केंद्रे अशा अखंड चालणाऱ्या सेवांसाठी दोन किंवा अधिक सर्व्हरचा समूह वापरला जातो. त्याला ‘हाय अव्हेलेबिलिटी क्लस्टर’ असे म्हणतात. समूहातील यंत्रे ठरावीक अंतराने एकमेकांना ‘मी जिवंत आहे’ असा संदेश पाठवीत असतात. या संदेशाला ‘हार्टबीट’, म्हणजे हृदयाचा ठोका, असे नाव आहे. ठोके थांबले, की राखीव यंत्राने काम हाती घ्यावे, अशी ही योजना.

अडचण नेमकी येथेच आहे. ठोके ऐकू येत नाहीत याचा अर्थ समोरचे यंत्र बंद पडले असाही होतो आणि यंत्र चालू आहे, केवळ मधली तार तुटली, असाही होतो. राखीव यंत्राला या दोहोंतील फरक कळत नाही. मौनालाच मृत्यू मानून त्याने काम सुरू केले, तर एकच सेवा दोन ठिकाणी चालू होते. या अवस्थेला संगणकशास्त्रात ‘स्प्लिट ब्रेन’, म्हणजेच दुभंगलेला मेंदू, असे म्हणतात.

सातारा जिल्ह्याला एका राज्याचे दोन कारभारी ही गोष्ट नवी नाही. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये शाहू महाराजांची मोगलांच्या कैदेतून सुटका झाली आणि जानेवारी १७०८ मध्ये त्यांचा साताऱ्यात राज्याभिषेक झाला. इकडे महाराणी ताराबाईंनी आपल्या पुत्राच्या नावाने राज्य चालविले होते. चौथाई व सरदेशमुखीची सनद आपल्यालाच मिळावी, अशी मागणी १७०९ मध्ये दोन्ही पक्षांनी बादशहा बहादूरशहाकडे केली. सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांची हद्द ठरण्यास १७३१ चा वारणेचा तह उजाडावा लागला. राज्याची वाटणी होऊ शकते. बँकेतील एका खात्याची किंवा हॉटेलातील एका खोलीची तशी वाटणी करता येत नाही.

त्रेचाळीस सेकंदांची किंमत

हा धोका केवळ पुस्तकी नाही. जगभरातील संगणक अभियंते आपल्या आज्ञावल्या ‘गिटहब’ या संकेतस्थळावर ठेवतात. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील या कंपनीचे जाळे अवघी ४३ सेकंद तुटले. तेवढ्यात स्वयंचलित यंत्रणेने मुख्य माहितीसाठ्याचा कारभार पश्चिम किनाऱ्याकडे सोपविला. पूर्वेकडील काही नोंदी पश्चिमेकडे पोहोचल्याच नव्हत्या आणि पश्चिमेकडे तर नव्या नोंदी होऊ लागल्या होत्या. दोन्ही वह्या खऱ्या, पण एकमेकींशी न जुळणाऱ्या. सर्वाधिक वर्दळीच्या एका समूहात अशा अडकलेल्या नोंदी ९५४ होत्या. सेवा पूर्ववत होण्यास २४ तास ११ मिनिटे लागली.

आधी कोरम, मग कारभार

यावरील पहिला उपाय सहकाराच्या या पट्ट्यात कोणालाही समजेल असा आहे. तो म्हणजे कोरम. समूहातील निम्म्याहून अधिक यंत्रे ज्या गटात आहेत, त्याच गटाने सेवा चालवावी. पाच यंत्रांचा समूह तीन आणि दोन असा तुटला, तर तिघांचा गट काम करील आणि दोघांचा गट आपणहून थांबेल. बहुमत एकाच वेळी दोन गटांकडे असू शकत नाही, हे त्यामागील साधे गणित आहे. मात्र सहकारी संस्थेची तहकूब सभा अर्ध्या तासाने कोरमशिवाय घेण्याची जी सोय असते, ती क्लस्टरला देऊन चालत नाही.

दोनच यंत्रे असतील, तर तार तुटताच दोघांकडे एकेक मत उरते. त्यासाठी तिसरा साक्षीदार लागतो. तो सेवा चालवीत नाही, केवळ मत देतो.

दुसरा उपाय कठोर आहे. त्याला ‘फेन्सिंग’, म्हणजे कुंपण घालणे, असे म्हणतात. राखीव यंत्र काम हाती घेण्यापूर्वी जुन्या यंत्राचा वीजपुरवठा दूरनियंत्रणाने तोडते आणि तो तुटल्याची खात्री झाल्यावरच पुढे जाते. जुने यंत्र जिवंत होते की नव्हते, हा प्रश्नच मग उरत नाही. अभियंत्यांनी या पद्धतीला ‘स्टोनिथ’ असे नाव दिले असून, ‘दुसऱ्या यंत्राच्या डोक्यात गोळी घाला’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून ते तयार झाले आहे.

परंतु महाबळेश्वर आणि पुणे यांच्यातील तारच तुटली असेल, तर वीज तोडण्याचा आदेश तरी कसा पोहोचणार? अशा वेळी मुदतीचा परवाना उपयोगी पडतो. तिसऱ्या गावातील साक्षीदाराच्या संमतीने एकाच केंद्राला थोड्या वेळापुरता परवाना मिळतो. मुदत संपण्यापूर्वी त्याचे नूतनीकरण झाले नाही, तर त्या केंद्राने स्वतःच सेवा बंद करायची. दुसऱ्या केंद्रानेही ती मुदत उलटेपर्यंत थांबायचे. त्यामुळे परस्परांशी बोलणे न होताही दोघे एकाच वेळी कारभारी होत नाहीत.

घरचीच चूक

दुहेरी सेवेला नेहमी दरडच कारणीभूत असते असे नाही. सर्व्हर सुरू होताच सेवा आपोआप सुरू व्हावी, अशी सोय लिनक्समध्ये असते. क्लस्टरच्या ताब्यातील सेवेसाठी ती चालू राहिली, तर वीज येताच राखीव यंत्रावरही सेवा परस्पर सुरू होते. म्हणून अशा सेवेचे सुरू होणे व थांबणे केवळ क्लस्टरच्या हाती असावे, हा पहिला नियम. ‘पेसमेकर’ ही प्रचलित आज्ञावली सेवा सुरू करण्यापूर्वी ती अन्य यंत्रांवर आधीच चालू नाही ना, हे तपासते. दोन ठिकाणी आढळल्यास दोन्हीकडे बंद करून एकाच ठिकाणी पुन्हा सुरू करते.

थांबण्याचीही किंमत

हे सारे उपाय प्रसंगी सेवा थांबवितात, आणि थांबण्याचीही किंमत असते. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी दूरसंचार जोडण्यांतील बिघाडानंतर मुंबईतील राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले, ते दुपारी पावणेचारला सुरू झाले. पर्यायी केंद्र असूनही कारभार तिकडे हलविण्यात आला नव्हता. त्यानंतर मार्च २०२१ मध्ये ‘सेबी’ने अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करण्याचे आणि त्यापुढील ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रातून काम सुरू करण्याचे बंधन घातले. कारभार केव्हा सोपवायचा, हे आयत्या वेळी नव्हे, तर आधी ठरवायचे असते, हाच त्याचा अर्थ.

‘आमच्याकडे दोन सर्व्हर आहेत’ एवढ्या उत्तरावर म्हणूनच बँकेच्या संचालकांनी किंवा हॉटेलच्या मालकाने समाधान मानू नये. मधली तार तुटली तर कोण थांबणार, तो खरोखर थांबला याची खात्री कशी होणार आणि ही चाचणी शेवटची केव्हा घेतली, हे तीन प्रश्न त्यांनी विचारावेत. आरक्षण तासभर बंद राहिले, तर ग्राहक पुन्हा फोन करील. एकच खोली दोघांना दिली गेली, तर त्यांपैकी एक कुटुंब दिवाळीच्या थंडीत रस्त्यावर असेल.