पत्रा शाबूत, जोड कमकुवत: दोन पत्र्यांमधला गंज

जुहूचा समुद्र आणि जुहू विमानतळ यांच्यात फारसं अंतर नाही. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन इथेच उतरले होते. आज इथून मुख्यतः हेलिकॉप्टर उडतात. खारी, दमट हवा आणि रिव्हेटने जोडलेले ॲल्युमिनियमचे पत्रे ही जोडी धोक्याची. का, ते बघू.

फटीत काय होतं?

एका पत्र्याची कड दुसऱ्यावर चढवून केलेल्या जोडाला लॅप जॉइंट म्हणतात. मधल्या बारीक फटीत खारं पाणी शिरतं, पण सहज वाळत नाही. आतला ऑक्सिजन संपतो, क्लोराइड आयन आत ओढले जातात, पाणी आम्लधर्मी होतं. मग ॲल्युमिनियमवरचा संरक्षक ऑक्साइडचा थर टिकत नाही. बाहेरून रंग मात्र चकचकीत!

ताकद का घटते?

‘जाडी कमी झाली म्हणून’ हे अर्धंच उत्तर. तयार होणारा पांढरा गंज मूळ धातूच्या साधारण सहा पट जागा घेतो. रिव्हेटपाशी पत्रा दाबून धरलेला असतो, त्यामुळे दोन रिव्हेटच्या मधला भाग उशीसारखा फुगतो. याला ‘पिलोइंग’ म्हणतात. विमान जमिनीवर उभं असतानाही रिव्हेटच्या भोकांभोवती जास्तीचा ताण राहतो. तडे तिथूनच सुरू होतात.

२८ एप्रिल १९८८ ला हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं सुमारे साडेपाच मीटर छत २४,००० फुटांवर उडून गेलं. एका हवाई सेविकेचा मृत्यू झाला. विमानाची ८९,६८० उड्डाणं झाली होती, तीही बरीचशी बेटाबेटांमधली, खाऱ्या हवेतली. तिथे भार पेलायचा होता पत्र्यांमधल्या चिकट थराने. तो सुटल्यावर भार रिव्हेटच्या भोकांवर आला. प्रत्येक उड्डाणात केबिनमधला दाब वाढत-उतरत राहिला, शेजारशेजारच्या भोकांतले छोटे तडे वाढून जुळले आणि जोड फाटला.

तुमच्या प्रयोगासाठी

नमुना एकदाच ओढून तोडला, तर ताकद फारशी घटलेली दिसणार नाही कदाचित. तोच नमुना वारंवार भार देऊन तपासला, तर आयुष्य बरंच कमी झालेलं आढळू शकतं. म्हणून दोन्ही चाचण्या करा. दुसरं म्हणजे, ३५ अंश सेल्सिअसला ५ टक्के मिठाचा सतत फवारा ही प्रमाणित चाचणी आहे, पण जुहूची हवा तशी नाही. इथे पत्रा भिजतो, वाळतो, पुन्हा भिजतो. त्यामुळे फवाऱ्यातल्या तासांवरून थेट ‘इतकी वर्षं टिकेल’ असं लिहू नका.

आणि प्रपोजलमध्ये ‘किती धातू गेला?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘आता भार कुठून जातोय?’ हेही विचारा.